‘अतिरिक्त’ कामगाराची रिकामी जागा

कामावरून कमी केल्याचे पत्र कामगाराच्या हाती पडते तेव्हा त्यातील भाषा मोठी सोज्वळ असते. कंपनीची पुनर्रचना झाली आहे, आपली जागा आता उरलेली नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. कामगाराचा काही दोष नाही, मालकाचाही नाही; दोष असलाच तर तो बाजाराचा! मग महिना-दीड महिना जातो आणि एके सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, किंवा हल्ली मोबाइलच्या पडद्यावर, त्याच कंपनीची जाहिरात झळकते. तोच विभाग, तेच यंत्र, तीच पाळी. फक्त हुद्द्याचे नाव बदललेले असते, मुदत अकरा महिन्यांची असते आणि ‘वय तिसाच्या आत’ अशी अट असते. पगाराचा आकडा बहुधा छापलेला नसतो, पण तो का छापलेला नाही हे जुन्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

हा अनुभव मुंबई-पुण्याच्या कारखान्यातील कामगाराचा आहे, तसाच इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील कामगाराचा आहे. गणकयंत्राच्या कंपन्यांतील सुशिक्षित कर्मचाऱ्यालाही अलीकडे तो येऊ लागला आहे. या अनुभवाला तो बहुतेक वेळा व्यक्तिगत अपमान समजतो. रात्र-रात्र स्वतःलाच विचारतो, माझे काय चुकले? वास्तविक ती जाहिरात हा मालकाविरुद्धचा पुरावा आहे आणि तोही मालकाने स्वतःच्या खर्चाने छापलेला. जागा उरली नाही हे विधान खोटे होते, काम होते तेवढेच आहे आणि नकोसे झाले होते ते केवळ त्या कामगाराचे वेतन, त्याची ज्येष्ठता व त्याची संघटना, एवढे सारे त्या चार ओळींत लिहिलेले असते.

ही लबाडी कायदे करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीचे प्रकरण घालण्यात आले, तेव्हा एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार एवढ्यावर तो कायदा थांबला नाही. कलम 25-ग ने ‘शेवटी आलेला प्रथम जाईल’ हे तत्त्व घातले आणि 25-ह ने त्याची दुसरी बाजू पुरी केली: मालकाला पुन्हा माणूस घ्यायचा असेल तर ज्याला कमी केले त्याला आधी संधी दिली पाहिजे व इतरांच्या आधी त्याचा हक्क मानला पाहिजे. केंद्रीय नियमावलीतील नियम 78 तर आणखी स्पष्ट होता. जागा भरण्याच्या किमान दहा दिवस अगोदर कारखान्यातील ठळक जागी सूचनाफलकावर तपशील लावायचा आणि कपात झालेल्या पात्र कामगारांना त्यांनी दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर पत्राने कळवायचे. म्हणजे आपल्याच जागेची जाहिरात कामगाराने वर्तमानपत्रात अवचित वाचावी, असा प्रसंगच कायद्याला मान्य नव्हता. आधी पत्र यायला हवे होते. किती कामगारांना असे पत्र आले, हा प्रश्न कोणत्याही युनियनच्या कचेरीत विचारून पाहावा.

या हक्काला 25-ह मध्ये कालमर्यादा नव्हती, हे येथे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. दोन वर्षांनी जागा निघाली तरी जुन्याचा हक्क पहिला. शिवाय 1996 साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, हा हक्क केवळ 240 दिवस भरलेल्यांचा नाही, कपात झालेल्या प्रत्येक कामगाराचा आहे. 239 व्या दिवशी माणसाला घरी बसवणाऱ्या व्यवस्थापकांच्या हिशेबाला त्यामुळे तत्त्वतः तरी धक्का बसला. तत्त्वतः असे म्हणण्याचे कारण आहे. त्या प्रकरणातील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या पदरात मात्र काही पडले नाही. फार उशिरा दाद मागितली व दरम्यान इतरांचे हितसंबंध निर्माण झाले, या कारणाने त्यांना दिलासा नाकारण्यात आला. हक्क आहे, पण तुम्ही उशिरा आलात! ज्याला पत्रच पाठवले नाही त्याने वेळेवर यायचे कसे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मालकवर्ग अर्थातच स्वस्थ बसला नाही. 1976 साली स्टेट बँकेच्या एका खटल्यात, कोणत्याही कारणाने केलेली सेवासमाप्ती ही कपातच होय, अशी व्यापक व्याख्या न्यायालयाने स्वीकारली होती. तिला खिंडार पाडणारी दुरुस्ती 1984 साली आली: मुदतीचा करार संपून त्याचे नूतनीकरण झाले नाही तर ती कपात नव्हे. कपात नाही म्हणजे नोटीस नाही, भरपाई नाही आणि पुन्हा घेण्याचा हक्कही नाही. त्याच वर्षी अमलात आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने कामगारांना वर्षानुवर्षे बदली व तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. महाराष्ट्रात तर 1971 च्या कायद्यानेच तसे म्हटले होते. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, ही भांडवली कायदेमंडळाची जुनीच रीत.

दुसरे खिंडार राजीनाम्याचे. स्वेच्छानिवृत्ती ही कपात मानली जात नाही. म्हणून मनुष्यबळ विभागाचा अधिकारी कामगाराला किंवा कारकुनाला एका खोलीत बोलावतो, समोर कागद ठेवतो आणि सांगतो की राजीनामा दिलात तर अनुभवाचा दाखला चांगला मिळेल, न दिलात तर ‘काढून टाकले’ असा शेरा लागेल. सही झाली की कपात झालीच नाही! पुढे जाहिरात आली तरी तो माणूस कायद्याच्या दृष्टीने स्वखुशीने गेलेला. (‘राइटसायझिंग’ हा शब्द या धंद्यातीलच. त्याचे मराठीत भाषांतर करू गेले तर ‘हकालपट्टी’ याखेरीज प्रामाणिक शब्द सापडत नाही.)

आणि आता संहिता. औद्योगिक संबंध संहिता 2020 च्या सप्टेंबरात, विरोधी पक्षांनी बहिष्कार घातलेल्या राज्यसभेत, मंजूर करून घेण्यात आली व 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू केल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागणाऱ्या कारखान्यांची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेली, यावर आपल्या पत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या गदारोळात कलम 72 कडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुने 25-ह च वाटावे असे ते वाचताना वाटते. फरक अवघ्या काही शब्दांचा आहे: मालकाने कपातीपासून ‘एका वर्षाच्या आत’ कोणाला घ्यायचे ठरवले तरच जुन्याला संधी. बारा महिने ठेकेदाराकडून काम रेटून न्यावे आणि तेराव्या महिन्यात उजळ माथ्याने जाहिरात द्यावी, एवढी सोय या काही शब्दांनी करून दिली आहे. शिवाय कमी केल्याबद्दल वाद उपस्थित करण्याची मुदत तीन वर्षांची दोन झाली. मुदतबंद नोकरीला संहितेने कायद्यात मानाचे पान दिले असून असा करार किती वेळा नव्याने करावा याला बंधन घातलेले नाही.

सरकारधार्जिणे पंडित येथे म्हणतील की मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळणार आहे, कपात झालेल्यांसाठी पंधरा दिवसांच्या पगाराएवढा पुनर्कौशल्य निधी आहे. ग्रॅच्युइटीची तरतूद चांगली आहे, ती मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु दुसरी पाहा. ज्या यंत्रावर माणसाने पंधरा वर्षे काम केले त्याच यंत्रावर नवा माणूस हवा अशी जाहिरात लागली आहे आणि जुन्याला पंधरा दिवसांचा पगार देऊन सांगितले जाते की तुझ्या अंगी कौशल्य नाही, ते शीक. नव्याला ते काम शिकवून जाण्याचे शेवटचे कामही अनेकदा त्या जुन्याकडूनच करून घेतलेले असते.

खुद्द सरकार मालक असते तेव्हाही चित्र निराळे नसते. केंद्रीय जल आयोगाच्या फरिदाबाद येथील कचेरीत साफसफाईचे व बागेचे काम काही कामगार 1990 च्या दशकापासून करीत होते, सारे ‘तात्पुरते’. कायम करा म्हणून ते न्यायाधिकरणाकडे गेले, तेथे हरले आणि 2018 च्या ऑक्टोबरात त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पण कचरा का जमायचा थांबतो? ते काम बाहेरच्या एजन्सीकडून करवून घेतले गेले. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेऊन कायम करण्याचा आदेश दिला आणि हीच गोष्ट मालक-सरकारच्या विरुद्ध मोजली: तेच काम पुढे बाहेरून करवून घेतले, यावरूनच ते काम कायम स्वरूपाचे आहे हे सिद्ध होते. सेवेचे सातत्य मिळाले, मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. सहा वर्षे उपाशी राहिल्याची किंमत कामगारानेच सोसावी, असा हा न्याय. तरीही त्या निकालातील तर्क प्रत्येक युनियनने पाठ करावा असा आहे.

हा आजार केवळ भारताचा नव्हे. 17 मार्च 2022 रोजी ब्रिटनमधील पी अँड ओ फेरीज या कंपनीने 786 खलाशांना, आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेला निरोप दाखवून, त्याच दिवशी कामावरून दूर केले. बोटी बुडाल्या नव्हत्या, प्रवासी संपले नव्हते. एजन्सीमार्फत आणलेले नवे खलाशी बोटींवर चढण्यासाठी तयार होते. आठवडाभराने पार्लमेंटच्या समितीपुढे कंपनीच्या प्रमुखाने कबूल केले की युनियनशी सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक होते आणि ते आपण जाणूनबुजून टाळले, कारण कोणत्याही युनियनने हे मान्य केले नसते. नव्या खलाशांना सरासरी मजुरी तासाला साडेपाच पौंड. ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे किमान वेतन तेव्हा 8.91 पौंड होते. बोटी परदेशी झेंड्याखाली नोंदलेल्या असल्याने ते चालले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फौजदारी कारवाई न करण्याचा निर्णय झाला. या कंपनीची मालक दुबईची डीपी वर्ल्ड. न्हावा-शेवा बंदरातील कामगारांना हे नाव अपरिचित नाही. त्या प्रमुखाच्या कबुलीबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. आपल्याकडचे मालक तेच करतात, फक्त बोलत नाहीत.

मार्क्सने 1867 साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात बेकारांच्या राखीव फौजेचे जे विवेचन केले, त्याची सत्यता पटवून घेण्यासाठी आज आकडेवारीची पुस्तके चाळावी लागत नाहीत. एका जागेच्या जाहिरातीला येणाऱ्या अर्जांचा ढीग पुरेसा आहे. त्या ढिगात काढून टाकलेल्या कामगाराचाही अर्ज असतो, कमी पगारावर, नवखा म्हणून! आणि येथेच एक धोका आहे. जुन्या कामगाराचा राग पुष्कळदा आपली जागा घेणाऱ्या पोरावर निघतो. तो बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, तर त्या रागाला लगेच प्रांताचा रंग चढतो आणि तो चढवणाऱ्या सेनाही तयारच असतात. त्या पोराच्या हातात अकरा महिन्यांचा कागद आहे. बाराव्या महिन्यात त्याच्याही जागेची जाहिरात निघणार आहे.

आपल्या युनियनांचे काय, हेही विचारणे भाग आहे. हिशेब चुकता झाला, तडजोडीवर सही झाली की कमी केलेल्या कामगाराचे नाव वर्गणीच्या वहीतून गळते. वर्गणी नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून सभेचे बोलावणे नाही. तो गावी जातो, मुंबईची खोली सुटते, पत्ता बदलतो. रजिस्टर पत्र पाठवायचे मालकाच्या मनात आलेच तरी ते जुन्या चाळीच्या दारातून परत येते आणि मालकाच्या फायलीत ‘कळवूनही आला नाही’ असा निर्दोष पुरावा जमा होतो. तडजोडीच्या करारात ‘भविष्यात जागा निघाल्यास या यादीतील कामगारांना ज्येष्ठतेनुसार, कालमर्यादेविना घेण्यात येईल’ असे एक वाक्य घालण्याचा आग्रह आपण किती वाटाघाटींत धरला? संहितेने एक वर्ष म्हटले म्हणून करारात त्याहून अधिक मागायला कोणी बंदी केलेली नाही. भरपाईची रक्कम दोन-पाच हजारांनी वाढवून घेतल्याच्या आनंदात हे वाक्य राहून जाते.

म्हणून कपातीच्या दिवशीच कामगाराने आपला टिकाऊ पत्ता मालकाला लेखी द्यावा व पोच घ्यावी. ज्येष्ठता-यादीची नक्कल युनियनच्या कचेरीत राहावी, आणि कमी केलेल्यांची वही निराळी ठेवून ती वर्गणीवर अवलंबून नसावी. राजीनाम्याचा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी त्याने कचेरीत यावे, हे आधीच सांगून ठेवलेले असावे. जाहिरात दिसली की तिचे कात्रण तारखेसह जपावे, मोबाइलवरची असेल तर तिची प्रत तत्काळ काढावी, कारण ती दुसऱ्या दिवशी नाहीशी होते. ठेकेदाराच्या नावाने भरती चालली असेल तर नव्या कामगाराकडून त्याच्या नेमणूकपत्राची प्रत मिळवावी. तो देईल, जर आपण त्याला शत्रू मानले नसेल तर. आणि मालकाकडे कामावर परत घेण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात जावा, कामगार आयुक्तांच्या कचेरीत त्याची नक्कल दाखल व्हावी. सेंट्रल बँकेच्या त्या कर्मचाऱ्यांचा दावा तत्त्वाने खरा ठरूनही उशिरामुळेच वाया गेला होता.