साधी पदवी आणि ‘ऑनर्स’

पदवीचें तिसरें वर्ष संपत आलें, कीं घरोघरीं एक प्रश्न उभा राहतो: येथेंच थांबावें, कीं चौथें वर्ष करून ‘ऑनर्स’ घ्यावें? साधी पदवी म्हणजे हलकी, असा समज बळावल्यामुळें कित्येक मुलें उगीच खट्टू होतात; उलट, ‘आणखी एक वर्ष कशाला?’ एवढ्या एका प्रश्नानें कित्येक मुलींचें पुढील शिक्षण थांबतें. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘ऑनर्स’ या शब्दाचा अर्थ सन्मान असा असला, तरी त्याचें माप सर्वत्र एक नाहीं. इंग्लंडांत ऑनर्स बहुधा तीन वर्षांतच पुरें होतें. स्कॉटलंडांत साध्या पदवीस तीन व ऑनर्सला चार वर्षें लागतात. दिल्ली विद्यापीठांत २०२२ सालीं नवी रचना येईपर्यंत ऑनर्स तीन वर्षांचें असे. तेव्हां केवळ नांवावरून कोणाची योग्यता ठरवूं नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं जो आराखडा केला, त्याप्रमाणें तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळविणारास पदवी, व चार वर्षांत १६० मिळविणारास ऑनर्स मिळतें. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असल्यास चौथ्या वर्षीं संशोधनाचा मार्ग घेतां येतो. त्या पदवीस ‘संशोधनासह ऑनर्स’ म्हणतात.

मात्र तीन वर्षांची पदवी अर्धवट नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस तीही पुरते. पुढें एम्. ए. करावयाचें, तर तीन वर्षेंवाल्यास दोन वर्षें आणि ऑनर्सवाल्यास एक वर्ष, अशी योजना आहे. म्हणजे बेरीज दोघांचीही पांचच! परंतु एक वर्षाचा अभ्यासक्रम इच्छित विद्यापीठांत आहे कीं नाहीं, याची चौकशी आधींच करावी.

वडीलधाऱ्या मंडळींस आमचें सांगणें इतकेंच, कीं ज्यास लौकर संसारास हातभार लावावयाचा आहे, त्यानें तीन वर्षांनीं निरोप घेतल्यास त्यांत कमीपणा मानूं नये. आणि ज्या कन्येस विषयाची खरी गोडी लागली आहे, तिचें चौथें वर्ष लग्नाच्या घाईपायीं तोडूं नये. निर्णयापूर्वीं शेजाऱ्यांचें मत घेण्याऐवजीं त्या मुलासच अगर मुलीसच शांतपणें विचारावें.