आपल्या गावात रमण्याचा हक्क

‘आपल्या गावात काय हाये पाह्यासारखं?’ वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात हा प्रश्न ऐकू येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. बुलडाण्यापासून दहाएक किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटालाही तो चिकटलेला आहे. त्यामागचं म्हणणं असं: फिरणं, करमणूक, चार घटका मौज ही मोठ्या शहरांची गोष्ट. ज्याच्या खिशात पैसे असतील त्याने शेगावला जावं, संभाजीनगरला जावं, जमलं तर महाबळेश्वर गाठावं. ज्याच्याकडे नसतील त्याने घरी बसावं. शेतकऱ्या-मजुरांच्या गावाने आधी पाणी, रस्ता, पीकविमा मागावा. बाग नि बाकडी मागणं त्याला शोभत नाही. हे म्हणणं समजूतदार वाटतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं आणि त्याने आपल्या गावांचं मोठं नुकसान केलं आहे, असंही वाटतं.

आधी ‘काही नाही’ हा भाग घेऊ. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलडाणा जिल्ह्यातच उगम पावते. देऊळघाटाजवळ ती अजून लहान असते, नुकती डोंगर उतरलेली. पुढे ती येळगावच्या धरणात जाते आणि बुलडाणा शहराची तहान भागवते. मेहकर मागे टाकते, विदर्भ-मराठवाड्याची सीमा होऊन वाहत राहते आणि सहस्रकुंडाला काळ्या खडकांवरून कोसळते. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला माणसं गाड्या करून नांदेड-यवतमाळच्या हद्दीपर्यंत जातात, फोटो काढतात, कणसं खातात. तीच नदी ज्यांच्या उंबऱ्यावरून वाहते त्यांना तिच्या काठी संध्याकाळी अर्धा तास बसायला एक धड जागा नाही. पाहण्यासारखं काही नाही, ही तक्रार खरं तर बसण्यासारखी जागा नाही अशी आहे. या दोन तक्रारींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिलीवर कुणाकडेच उपाय नसतो, दुसरीवर ग्रामपंचायतीकडे असतो.

‘पाहण्यासारखं’ हा शिक्का बाहेरून यावा लागतो, ही आपली जुनी समजूत. लोणारचं विवर याच जिल्ह्यात आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, असं आपण प्रत्येक माहितीपत्रकात वाचतो. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी तिथे दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ उभं राहिलं होतं, विवराच्या तळाशी कमळजादेवीला लोक जात होते, धारेखाली अंघोळी करत होते. गावाला ती जागा ठाऊक होती, आवडतही होती. २०२० मध्ये तिला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण दर्जा नव्हता तेव्हा ती जागा कमी सुंदर होती का?

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आठवावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणाच्या हद्दीत डोकावून, तेराशे किलोमीटरहून अधिक चाल करून डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. जोडीदारीण शोधत तो निघाला होता, असं वनखात्याचे लोक सांगत. ती त्याला इथे मिळाली नाही, पण पाणी आणि शिकार मिळाली. देशभरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा ज्ञानगंगेचं नाव छापून आलं. बुलडाण्याहून खामगावला जाणारा बोथ्याचा रस्ता याच जंगलातून जातो. हजारो माणसं त्या रस्त्याने वर्षानुवर्षं एसटीत डोळे मिटून गेली असतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेच्या सहली लांब जातात आणि आपलं जंगल आपल्याला कुणी पायी फिरवून दाखवलेलं नसतं.

आता खरा आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो मांडणारी माणसं प्रामाणिक आहेत. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. ज्या घरात कर्जाची नोटीस पडून आहे, सोयाबीनला भाव नाही, त्या घरासमोर करमणुकीचं बोलायचं कोणत्या तोंडाने, असं ही माणसं विचारतात.

माझं उत्तर असं की अशाच घरासमोर ते बोललं पाहिजे. एकटं पडलेलं माणूस कर्जाने जेवढं खचतं तेवढंच कुणाशी न बोलल्याने खचतं. मोकळ्या जागेत, चार ओळखीच्या माणसांत, काही कारण नसताना बसता येणं ही चैन नव्हे. कर्ज त्याने फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. भाव मिळालाच पाहिजे, विमा वेळेवर यायलाच हवा. पण भाव मिळेपर्यंत माणसाने हसू नये, असा नियम आपल्या पूर्वजांनी कधी केला नव्हता. दुष्काळातही पोळा भरला, बैलांना माठाळ्या चढल्या आणि तोरणाखाली झडत्या रंगल्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींनी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हटली आणि खिरापत ओळखण्यावरून हट्ट केले. हिवाळ्यात वावरात हुरडा भाजला गेला. गवऱ्यांच्या आरात रोडगे शेकले, वांग्याची भाजी आणि वरण रटरटलं, पाहुण्यांपासून सालदारापर्यंत सगळ्यांची पंगत एकाच झाडाखाली बसली. ही आपल्या मुलखाची सहल. तिला तिकीट नव्हतं आणि हॉटेलचं बुकिंगही नव्हतं. हे सारं गरिबांनीच उभं केलं. मौज श्रीमंतांची, हे आपल्याला अलीकडे पढवलं गेलं आहे.

आणि हा केवळ परंपरेचा मामला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या कार्यकर्त्याने, सहा वर्षांच्या झगड्यानंतर. आठवड्यातून एक दिवस मजुराचा स्वतःचा असला पाहिजे, ही मागणी कुणा आरामखोराची नव्हती. राज्यघटनेचं ४३वं कलम त्याच वाटेने जातं. शेतीतल्या, उद्योगातल्या आणि इतर सगळ्या कामगारांना जगण्यापुरती मजुरी, बरं राहणीमान आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळावा, सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळावी, यासाठी राज्याने झटावं, असं ते सांगतं. शेतीतल्या कामगाराचं नाव तिथे स्वतंत्रपणे घेतलेलं आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे मान्य. पण घटना लिहिणाऱ्यांनी भाकरी आणि फुरसत एकाच वाक्यात मांडली आणि आपण मात्र भाकरी मिळेपर्यंत फुरसतीचं नावही काढायचं नाही असं ठरवून बसलो आहोत.

‘मोबाईल आहे की करमणुकीला’ या मुद्द्यावर मी फार थांबणार नाही. मोबाईल प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात बसवतो. त्यात गाव नसतं.

पैशाचा मुद्दा मात्र नीट पाहू. गावात कार्यक्रम चालत नाहीत, लोक तिकीट काढत नाहीत, असं म्हणणाऱ्याने एकदा पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत जाऊन यावं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्या रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर धानाची कामं उरकली की तिथल्या नाटक कंपन्या निघतात आणि होळीच्या सुमाराला हंगाम संपतो. शेतात मांडव पडतो, प्रेक्षक तिकीट काढून बसतात, प्रयोग रात्रभर चालतो. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तो भाग राज्यातल्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी नाही. पण आपल्याच गावात, आपल्याच बोलीत, आपल्या माणसांचं नाटक पाहायला त्याने पैसे काढून ठेवले. चहावाला, मांडववाला, पेटीवाला, तबलजी या सगळ्यांचा हंगाम त्यावर चालतो. पश्चिम वऱ्हाडातही तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा ही जत्रेची ओढ होती. आपल्याकडे ती सवय मोडली. मोडलेली सवय पुन्हा लावता येते.

सैलानीची यात्रा तर बुलडाणा तालुक्यातच भरते, पिंपळगाव सराईला, होळीच्या सुमारास. नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांची माणसं एकाच धुळीत उभी राहतात. त्या यात्रेच्या आडोशाने चालणाऱ्या अघोरी उपचारांना माझा ठाम विरोध आहे. मानसिक आजार असलेल्याला डॉक्टरकडेच नेलं पाहिजे. पण ‘आमच्याकडे लोक घराबाहेर पडत नाहीत’ हे म्हणणं तिथे खोटं ठरतं. लोक पडतात, दुरून येतात, उघड्यावर मुक्काम करतात. वर्षातून एकदा परक्या माळावर राहुटी ठोकणाऱ्या माणसाला उरलेल्या दिवसांत स्वतःच्या नदीकाठी जागा नसावी, हे मला सहन होत नाही.

बायकांबद्दल बोललं नाही तर ही सगळी चर्चा अर्धी राहील. गावातल्या पुरुषाला पार आहे, टपरी आहे, एसटी थांबा आहे. तो तिथे तासभर बसला तरी कुणी काही विचारत नाही. बाईला बाहेर पडायला कारण लागतं: पाणी, बाजार, दवाखाना, देवदर्शन. श्रावणात गिरड्याच्या महादेवाला जाणाऱ्या बायकांचे चेहरे बघावेत. दर्शनाइतकाच तो हिरवा डोंगर आणि मैत्रिणींबरोबरचा निवांत दिवसही त्यांना हवा असतो. पण तसं म्हणायची सोय नाही, म्हणून देवाचं नाव पुढे करावं लागतं. यावर म्हणतात, ‘मोकळ्या जागा केल्या तर टवाळ पोरं जमतील, बायका फिरकणार नाहीत.’ हा तर्क उलटा आहे. टवाळी फोफावते ती अंधाऱ्या, ओसाड जागेत. जिथे दिवा आहे, स्वच्छतागृह आहे, आजीबरोबर नातवंडं खेळताहेत, शेजारी भजीची गाडी लागली आहे, तिथे टोळकं आपोआप सभ्य होतं. आणि त्या पोरांनाही जागा हवी आहे, हे विसरू नका. त्यांना कबड्डीचं मैदान दिलं नाही तर ती रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसणारच.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते नदीबद्दल. ज्या काठावर कुणी बसत नाही तिथे कचऱ्याची गाडी बिनदिक्कत रिकामी होते, वाळूचा ट्रॅक्टर रात्री उतरतो, सांडपाण्याची नाली तोंड काढते. पाहणारं कुणी नसतं आणि पाहिलं तरी बोलावंसं वाटत नाही, कारण ती जागा ‘सरकारची’ असते. रोज संध्याकाळी जिथे आपण मुलाला खेळवतो तिथे कुणी घाण टाकली तर आपण त्याचा हात धरतो. पर्यावरणाची भाषणं ऐकून नदी कुणाची होत नाही. काठावर रोडगे खाल्ले, तिच्या पाण्यात पाय सोडून बसलं, की होते. म्हणून मी करमणुकीची मागणी पाणी आणि रस्त्याच्या मागणीनंतर ठेवायला तयार नाही. पाण्याच्या मागणीला तिचाच आधार आहे. बुलडाणा शहरालाही हे पटायला हवं, कारण देऊळघाटाजवळचा काठ बिघडला तर पुढचं पाणी येळगावलाच जातं.

कायद्याची अडचण तर अजिबात नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्याच्या ग्रामसूचीत पंचायतीने करायच्या कामांमध्ये ग्रंथालयं आणि वाचनालयं आहेत, आखाडे आहेत, क्लब आणि करमणुकीची, खेळांची ठिकाणं आहेत, कला-संस्कृतीसाठी रंगमंचही आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालयं, सांस्कृतिक कार्य आणि बाजार-जत्रा हे विषय लागोपाठ येतात. म्हणजे बाग किंवा मैदान मागणारा माणूस काही जगावेगळं मागत नाही; पंचायतीच्या कामांच्या यादीतलंच एक काम तो आठवून देतो.

मागणीही मोठी नको. कोट्यवधींचं सुशोभीकरण आलं की काँक्रिट येतं, ठेकेदार येतो, उद्घाटनाची कोनशिला येते आणि दोन पावसाळ्यांत झोपाळे गंजतात. काठाचा एक सपाट तुकडा साफ करावा, पूररेषेचं भान ठेवून. कडुनिंब, वड, चिंच लावावी. चार दिवे, एक नळ, बायकांसाठी वेगळं आणि रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह एवढं करावं. महिन्यातून एक संध्याकाळ भजनी मंडळाला, कव्वालीला, शाळेच्या पोरांच्या नाटकाला द्यावी. वर्षातून एकदा शाळेने मुलांना लांबच्या सहलीऐवजी पैनगंगेच्या उगमाकडे पायी न्यावं. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, २६ जानेवारीलाही असते, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिथे हा विषय पहिला घ्यावा. जागा कोणती, दिवे कुठे, फाटक किती वाजता बंद, हे त्यांनी ठरवावं आणि तसाच ठराव पुढे मोठ्या सभेत यावा.