हसूं आणि हिशेब

गेल्या पंचवीस वर्षांत मराठी घरांत न बोलावतां येऊन बसलेले कोणी पाहुणे असतील, तर ते बाबूराव गणपतराव आपटे हे होत. जाड भिंगांचा चष्मा, वर खोचलेलें धोतर आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेंच उत्तर, ही मूर्ति ज्यानें एकदां पाहिली तो ती विसरत नाहीं. प्रियदर्शन यांचा ‘हेराफेरी’ हा हिंदी बोलपट ३१ मार्च २००० रोजीं प्रदर्शित झाला. १९८९ सालच्या ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळी चित्रपटाचें तें हिंदी रूप. आरंभीं त्याचें स्वागत बेताचेंच झालें. पण पाहून आलेल्यांनीं न पाहिलेल्यांस सांगितलें, पुढें दूरचित्रवाणीनें तो माजघरापर्यंत आणला. आज पनवेलच्या जुन्या वाड्यांत काय किंवा महामार्गाजवळच्या नव्या उंच इमारतींत काय, आजोबा आणि नातू ज्याला एकाच वेळीं हसतील असा दुसरा चित्रपट मिळणें कठीण. बाबूरावांचें काम करणारे परेश रावल यांनीं तिसऱ्या भागांतून अंग काढून घेतल्याची बातमी मे २०२५ मध्यें आली, तेव्हां घरचें माणूस रुसून गेल्यासारखे प्रेक्षक हळहळले. जूनअखेर ते परतल्याचें कळलें तेव्हां कोठें जिवांत जीव आला.

परंतु आज ज्याविषयीं लिहावयाचें तो या मालिकेंतला दुसरा भाग, ‘फिर हेराफेरी’. नीरज व्होरा यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ९ जून २००६ रोजीं आला. त्याच्या कथानकाचा बराच भाग एका इंग्रजी चित्रपटावरून घेतलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या चित्रपटाचें नांव ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’, साल १९९८, आणि गाय रिची या तरुण दिग्दर्शकाची ती पहिलीच मोठी कृति.

लंडनमधील चार मित्र प्रत्येकीं पंचवीस हजार असे एक लाख पौंड जमवितात, आणि त्या भांडवलावर एडी नांवाचा त्यांच्यांतला पत्तेबहाद्दर हॅरी नांवाच्या गुंडाच्या अड्ड्यावर खेळावयास बसतो. डावांत दगा असतो. एडी हरतो, आणि पांच लाख पौंडांचें देणें डोक्यावर घेऊन उठतो. एका आठवड्यांत फेड झाली नाहीं तर हाताचीं बोटें जावयाचीं. इतक्यांत शेजारीं राहणाऱ्या दरवडेखोरांचा बेत भिंतीआडून कानीं पडतो, आणि हे चौघे त्या दरवडेखोरांनाच लुटावयाचें ठरवितात. पुढें चोरावर मोर, त्या मोरावर आणखी मोर, आणि या सर्वांच्या मधून फिरणाऱ्या दोन जुन्या मौल्यवान बंदुका, अशी जी धांवपळ सुरू होते तींत प्रेक्षकाला श्वास घ्यावयास उसंत मिळत नाहीं.

इंग्लंडांत प्रेक्षकांनीं हा चित्रपट डोक्यावर घेतला. १९९९ च्या बाफ्टा समारंभांत सामान्य प्रेक्षकांच्या मतांनीं दिलें जाणारें पारितोषिक त्यालाच मिळालें. २००० सालीं त्यावरून दूरचित्रवाणीची मालिका निघाली, आणि त्याच वर्षीं रिचीनें ‘स्नॅच’ हा त्याच जातीचा दुसरा चित्रपट काढला. टीकाकारांत मात्र एकमत नव्हतें. वेग, खटकेबाज संवाद आणि शेवटीं सर्व धागे एका गांठींत आणण्याची हातोटी यांची कांहींनीं वाखाणणी केली. इतरांना पात्रांची गर्दी आणि रक्तपाताची थट्टा रुचली नाहीं.

आमच्याकडे हें रोप लावतांना त्यांत एक फरक झाला, आणि माझ्या मतें तोच महत्त्वाचा. लंडनचा एडी पत्त्यांत हरतो. आमचे राजू, श्याम आणि बाबूराव ‘चिट फंडा’त बुडतात. थोड्या दिवसांत रक्कम दुप्पट होणार म्हणून राहतें घर विकलें जातें, उरलेली भर गुंडाच्या पैशानें पडते, आणि दिलेल्या पत्त्यावर जावें तों कचेरीच जाग्यावर नाहीं. जुगारी माणूस पाहून आमचा प्रेक्षक म्हणेल, ‘हा कोणी दुसरा.’ परंतु दामदुपटीचें बोलणें त्यानें स्वतःच्या ओसरीवर ऐकलेलें असतें. म्हणूनच परदेशी कथानक असूनही चित्रपट परका वाटला नाहीं. त्यांतले प्रसंग आतां मोबाईलवर चित्ररूपानें फिरतात, आणि कोणी एखादी योजना सांगूं लागला कीं घरांतलीं मुलें त्या चित्रपटाचें नांव घेऊन त्याला गप्प करतात.

घरांतील वडीलधाऱ्यांचे यावर दोन आक्षेप असतात. पहिला असा कीं, आपट्यांसारखें आडनांव घेऊन मराठी माणसाचें हें असें विडंबन कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि हेंही पाहावें कीं, तिघांत खरा निर्मळ असा बाबूरावच आहे. बुडविणारी हुशारी राजूची आहे. प्रेक्षकानें प्रेम केलें तें भोळ्या माणसावर, हुशार माणसावर नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, गुंडांना हास्यास्पद करून दाखविल्यानें मुलांना गुन्हा हा खेळ वाटेल. यावर माझें उत्तर इतकेंच कीं, मुलें गुंडाला पाहून हसतात याची भीति नाहीं. फसलेल्या माणसाला पाहून हसण्याची संवय लागते, भीति आहे ती तिची.

दोन्ही चित्रपट वेगानें धांवतात ते कशाच्या जोरावर, हें एकदां शांतपणें पाहावें. एडीचें देणें त्याच्या बापाला कळतें तें मुलाच्या तोंडून नव्हे, वसुलीला आलेल्या माणसाकडून. आमचा राजूही पहिल्या भागापासूनच आईपुढें मोठ्या हुद्द्याचें सोंग करतो. दुसऱ्या भागांत एक लबाडी झांकण्यासाठीं दुसरी, दुसरीसाठीं तिसरी. कोणी एकानें पहिल्याच दिवशीं घरीं बसून ‘मी फसलों’ असें म्हटलें असतें, तर दोन्ही चित्रपट अर्ध्या तासांत संपले असते. पडद्यावर लपविण्यानें करमणूक होते. घरांत त्याच लपविण्यानें घर जातें.

आमच्या भागाला हें सांगावयास नको. मुंबईंत, आठवड्याच्या आठवड्याला घसघशीत परतावा देऊं म्हणणारा ‘टोरेस’ नांवाच्या दागिन्यांच्या दुकानांचा व्यवहार जानेवारी २०२५ मध्यें कोसळला आणि दादरला दुकानापुढें गुंतवणूकदारांची गर्दी जमली. तें चित्रपटांतल्या योजनेचेंच भावंड. पनवेलची गोष्ट निराळी. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें रद्द केला. तेथें पैसा ठेवणारे लोक दामदुपटीच्या लोभानें गेलेले नव्हते. गांवची बँक, ओळखीचीं माणसें, इतक्याच विश्वासानें गेले होते. सुमारें ९५ टक्के ठेवीदारांना विम्यांतून पूर्ण रक्कम मिळेल, असें रिझर्व्ह बँकेनें त्या वेळीं सांगितलें. परंतु विम्याची मर्यादा पांच लाख रुपये, आणि जन्मभराच्या नोकरीची पुंजी किंवा जमिनीचा मोबदला पांच लाखांत क्वचितच मावतो. लोभानें बुडाला तो आणि विश्वासानें बुडाला तो, यांत अंतर आहे. पण घरीं परतल्यावर दोघांच्याही वाट्याला एकच प्रश्न येतो: ‘तुम्हांला एवढेंही कळलें नाहीं का?’ त्या प्रश्नाच्या धाकानें कित्येक जण महिनोन्महिने कांहींच बोलत नाहींत, आणि गेलेला पैसा भरून काढण्यासाठीं त्याहूनही वाईट जागीं हात घालतात. राजूनें दुसरें काय केलें?

आतां थोडा हिशेब. शेंकडा सात व्याजानें ठेव दुप्पट होण्यास सुमारें दहा वर्षें लागतात. कोणी महिन्यांत दुप्पट करतों म्हणेल, तर त्याच्या बोलण्याप्रमाणें एक लाख रुपयांचे बारा महिन्यांनीं चाळीस कोटि शहाण्णव लाख व्हावयास हवेत. ज्याला ही विद्या येते तो तुमच्या दारीं लाख रुपये मागावयास कशाला येईल? हें गणित घरांतल्या आठवीतल्या मुलाकडून करवून घ्यावें. चित्रपट पाहून झाल्यावर करवून घेतल्यास अधिकच चांगलें. आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. चिट फंड म्हणजे मुळांत आपली भिशीच. नोंदणी करून ती चालविण्यास १९८२ चा कायदा आहे. दामदुपटीची योजना ही भिशी नव्हे. पैशाच्या साखळी योजनांवर तर १९७८ सालींच बंदी आली. चित्रपटानें दोहोंना एकच नांव दिलें, म्हणून बायकांच्या प्रामाणिक भिशीकडे कोणीं संशयानें पाहूं नये.

पनवेलीस सध्यां पैसा खेळता आहे. २०१६ सालीं महानगरपालिका झाली. विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. जमिनीला भाव आला. जेथें हातांत नवी रक्कम येते तेथें योजना घेऊन येणारा माणूसही येतो, आणि तो बहुधा गुंडासारखा दिसत नाहीं. नात्यांतला, सोसायटींतला, पूर्वींचा सहकारी असाच असतो. एकत्र कुटुंबाचें बळ येथेंच उपयोगी पडावयास हवें. दहा माणसांच्या घरांत रक्कम गुंतविण्यापूर्वीं चार माणसांनीं विचारलेले प्रश्न हा अविश्वास नव्हे. आणि पैसा बुडाल्यावर त्याच चार माणसांनीं टोमणा गिळणें हा मूर्खपणाला पाठिंबा नव्हे. टोमण्याचें भय गेलें, तर तक्रार वेळेवर होईल. उरलेला पैसा तरी वांचेल.

दोन्ही चित्रपटांचा शेवट सारखाच आहे. ज्याच्या हातीं त्या मौल्यवान बंदुका आहेत त्याला त्यांची किंमत ठाऊक नाहीं, आणि तो पुलावरून त्या पाण्यांत टाकूं पाहतो. ज्यांना किंमत कळली आहे ते दुसरीकडे आहेत, आणि मध्यें टेलिफोन वाजतो आहे. पुढें काय झालें, तें दिग्दर्शक सांगत नाहीं. प्रेक्षक पोट धरून हसत बाहेर पडतो. चित्रपटाला तें शोभतें. घरांत मात्र तो टेलिफोन कोणीतरी वेळेवर उचलावा, आणि पलीकडून बोलणाऱ्याला आधीं पुरतें बोलूं द्यावें.