छटाकाचे चाक

वैशाख पौर्णिमेला आम्ही धुळ्याला अक्काकडे गेलो होतो. अक्का आमची थोरली बहीण. वय ऐंशीकडे झुकले आहे, पण अजून स्वतःची भाकर स्वतः थापते. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली आणि दुपारी तिने आम्हाला पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. जुन्या पातळाच्या घडीत गुंडाळलेले वीतभर लांबीचे हिरवे इंजिन त्यातून निघाले. सोबत आलेला नातू ओरडलाच, "आजोबा, टॉय ट्रेन!" अक्का त्याला म्हणाली, "लई जाय. पन जपजो."

टॉय ट्रेन म्हटले की आम्हा जळगाव जिल्ह्यातल्या लोकांना पाचोरा-जामनेरची पीजे आठवते. अडीच फुटी रुळांवरची ती छपन्न किलोमीटरची गाडी. शेंदुर्णी, पहूरच्या बाजाराला जाणाऱ्या किती बाया तिच्यात टोपल्या घेऊन बसल्या असतील! २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. दुसरी टॉय ट्रेन माथेरानची, १९०७ साली सुरू झालेली. पण अक्काच्या पेटीतली गाडी या दोन्हींहून वेगळी, खरोखरच खेळण्यातली, किल्ली देऊन चालवायची.

हे इंजिन आमच्या घरात कसे आले, एवढे आम्हाला ठाऊक होते. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, रेल्वेच्या एका लोको शेडमध्ये खलाशी होते. इंजिनाची राख काढायची, कोळसा ओढायचा, चिंध्यांनी चाके पुसायची हे त्यांचे काम. १९५०-५१ च्या सुमारास एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नोकरी सोडून सहकुटुंब विलायतेला निघाला. जाताना त्याच्या बायकोने मुलांची जुनी खेळणी वाटून टाकली, त्यातले हे इंजिन दादांच्या वाट्याला आले. अक्का तेव्हा पाच वर्षांची. आमचा तर जन्मही झालेला नव्हता.

जळगावला आल्यावर इंजिन उलटे करून भिंगाखाली धरले, तेव्हा पुसट अक्षरे दिसली. हॉर्नबी, मेकॅनो, लिव्हरपूल. हा फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचा एक कारकून. आपल्या मुलांसाठी भोकाभोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून क्रेन-पूल बनवण्याचा खेळ त्याने काढला आणि १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तोच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला. १९२० पासून त्याच्या कारखान्यात किल्लीच्या आगगाड्या बनू लागल्या. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर बत्तीस मिलिमीटर. हॉर्नबी १९३६ मध्ये वारला आणि लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. कारखाना गेला तरी त्याची इंजिने पेट्यांमधून, माळ्यांवरून अजून निघतात.

नातवाचा उत्साह दांडगा. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय त्याने शाळेच्या सहलीत पाहिले होते. तिथल्या चकचकीत गाड्या त्याच्या डोळ्यांत बसलेल्या. त्याने हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणि पॉलिश पेपर आणूनही ठेवला. आम्ही डबा कपाटात कुलूपबंद केला. जुन्या खेळण्याचा मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. शिवाय त्या काळच्या रंगात शिसे असते. घासला तर धूळ उडते, ती पोराबाळांच्या पोटात जाते. तुमच्याही घरी असे काही निघाले तर रंग घासू नका आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या लेकराच्या हाती ते देऊ नका. ओल्या कापसाने हलकेच पुसले की मळ निघतो. अक्षरांवर मात्र ओला बोळाही फिरवू नये, रॉकेल तर नाहीच. ती अक्षरे छापाची असतात, पुसून जातात.

किल्ली हरवली होती आणि आतली स्प्रिंग तुटली होती. फुले मार्केटजवळ एक घड्याळ दुरुस्त करणारे जुने कारागीर आहेत. हल्ली त्यांच्याकडे सेल बदलायलाच लोक येतात. इंजिन पाहून त्यांनी समोरचे गिऱ्हाईक थांबवले. "हे तर मोठ्या अलार्मचे मशीन आहे," म्हणाले. खरेच तसे असते. पोलादी पट्टीची गुंडाळी, तिच्याभोवती दातेरी चाके, आणि वेग आवरायला एक छोटी फिरकी. फरक इतकाच की काट्यांऐवजी चाके फिरतात. त्यांनी आम्हाला पहिली ताकीद दिली ती अशी, की स्प्रिंगमध्ये जीव असताना असले यंत्र कधी उघडू नये, पट्टी सुटली तर बोट कापते. आमची स्प्रिंग आतल्या टोकाशी, जिथे ती खुंटीत अडकते, तिथे तुटली होती. अशा स्प्रिंगा बहुधा तिथेच तुटतात. त्यांनी फक्त ते टोक तापवून मऊ केले, नवे भोक पाडले, वाकवून पुन्हा अडकवले. सगळी पट्टी तापवली असती तर तिचे पाणी उतरले असते आणि ती निव्वळ पत्रा झाली असती.

बाकी यंत्र त्यांनी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवले, ब्रशने झाडले, वाळवले आणि प्रत्येक खुंटीला शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब दिला. कुणीतरी पूर्वी खोबरेल घातले होते. ते गोंदासारखे चिकटून बसले होते. आमच्या घरात कडीकोयंडा असो की सायकल, सगळ्याला खोबरेल हाच उपाय असे, त्यामुळे हे कुणाचे काम ते आम्ही ओळखले.

आता चाकांकडे येऊ. इंजिनाला चार चाके. तीन राखाडी, आणि चौथे, उजव्या बाजूचे मागचे, पिवळे. राखाडी तिन्ही चाके तडकलेली, फुगलेली. एकाचा काठ आमच्या नखाने बिस्किटासारखा निघाला. हा जस्ताचा रोग आहे. त्या काळी जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळून साच्यात अशी चाके ओतत. त्या जस्तात शिशाचा नुसता अंश राहिला, तरी दमट हवेत वर्षानुवर्षे धातू आतून कणाकणाने कुजतो, फुगतो आणि शेवटी भुगा होतो. यावर औषध नाही. अगदी शुद्ध जस्त वापरू लागल्यावर नवी चाके टिकू लागली, पण ओतताना ज्यांच्यात दोष राहिला ती गेलीच.

नातवाने शोध घेतला. विलायतेत अशा इंजिनांची हुबेहूब नवी चाके अजून बनवून विकतात, चारचा संच मिळतो. पैसे आमच्या पेन्शनला झेपणारे होते. चारही चाके बदलायची, म्हणजे इंजिन मूळ रूपात येईल, असे ठरले. ते पिवळे चाक तर उघडच कुठूनतरी लावलेले. पितळेचे, आरे नसलेले, कडेला खरबरीत. जोडदांडीसाठी त्यात चक्क एक खिळा ठोकलेला. कारागीर म्हणाले, हे लेथवरचे काम नाही, हाताने कानस मारून केले आहे. आम्ही ते जुगाड म्हणून बाजूला काढायला सांगितले.

संच आल्याचे सांगायला आम्ही धुळ्याला फोन लावला. अक्काने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, पिवळ्या चाकाचे काय केले? काढणार आहोत म्हटल्यावर ती एकदम अहिराणीवर आली. "त्याले हात नको लावजो. ते दादानी करेल शे."

मग तिने सांगितले ते असे. आम्ही चार-पाच वर्षांचे असताना पावसाळ्यात ते चाक भुगा होऊन पडले. आम्ही रडून घर डोक्यावर घेतले. त्या सुमारास शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले होते. १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि जुनी पितळी वजने भंगारात विकायला आली. दादांनी जुन्या बाजारातून एक छटाकाचे वजन आणले. शेडमधल्या लेथला हात लावायची सोय नव्हती, ते फिटर-टर्नरचे. दादांनी एक कानस विकत घेतली आणि रात्रपाळी नसेल त्या रात्री कंदिलाजवळ बसून ते वजन घासत राहिले. अक्का कंदील धरायची. गोलाई जमली की नाही ते पाहायला दादा पाटीवर चाक ठेवून खडूने भोवती रेघ ओढत, मग चाक थोडे फिरवून पुन्हा ओढत. दोन रेघा एक झाल्या की गोल. पावसाळा संपेपर्यंत हे चालले.

दादा खलाशी म्हणून लागले आणि खलाशी म्हणून निवृत्त झाले. शेडमध्ये नवा आलेला फिटर त्यांना विचारून काम करी, हे आम्ही मोठेपणी लोकांकडून ऐकले. घरात ते यावर बोलत नसत. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. दादा विशीतले होते आणि मित्रांबरोबर तिथे गेले होते, असे आई सांगे. त्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हटले, ते पुष्कळांना माहीत असते. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा हिशेबही मांडला होता, तो फारसा कुणी वाचत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि बहुधा गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, म्हणून त्याला पोर्टर करत नाहीत. वर्कशॉपमध्ये तो मिस्त्री होत नाही, कुलीच राहतो. आम्ही ते भाषण पूर्वी दोनदा वाचले होते. अक्काचा फोन ठेवल्यावर तिसऱ्यांदा काढून वाचले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच आम्ही फुले मार्केटला जाऊन उभे. पिवळे चाक एका डबीत ठेवलेले होते. भिंगाखाली पाहिले तर आतल्या बाजूला, कानशीच्या ओरखड्यांखाली, वजनावरच्या शिक्क्याची अर्धी गोलाई अजून आहे. ती आम्ही आधीही पाहिली होती आणि ओतकामाचा डाग समजलो होतो.

नातू म्हणाला, "पण आजोबा, मग ओरिजिनल कसे म्हणायचे?" मुद्दा खोटा नाही. शौकिनांच्या बाजारात कारखान्याच्या मूळ भागांना किंमत असते आणि दादांच्या चाकाने या इंजिनाची किंमत उतरते. त्याला काय सांगावे हे आम्हाला लगेच सुचले नाही. मग डबी त्याच्या हातात दिली आणि त्या चाकाची गोलाई मोजायला सांगितली. पाटी नव्हती, वहीच्या कागदावर पेन्सिलने रेघ ओढून त्याने पाहिले. चाक फिरवून पुन्हा ओढली. दोन रेघांमध्ये केसाएवढा फरक एकाच जागी निघाला. कारागीर म्हणाले, माझ्याकडे छोटा लेथ आहे, दोन मिनिटांत सरळ करून देतो. आम्ही काही बोलण्याआधी नातूच म्हणाला, राहू द्या.

तीन चाके नवी बसवली, चौथे छटाकाचेच राहिले. दोन्ही एक्सलवरच्या चाकांच्या खुंट्या एका कोनात याव्या लागतात, नाहीतर जोडदांडी अडते. खिळ्यामुळे त्यात कारागिरांचा अर्धा दिवस गेला. संचातले उरलेले चौथे चाक कागदात गुंडाळून त्याच पेटीत ठेवले आहे, पुढे कुणाला वाटले तर असावे म्हणून. रंग जसा होता तसाच आहे, ठिकठिकाणी उडालेला.

आषाढात आम्ही इंजिन घेऊन धुळ्याला गेलो. रूळ नाहीत, म्हणून फरशीवरच चालवले. नवी किल्ली अक्काने स्वतः दिली, मोजून अकरा वेढे. पिवळे चाक इतरांपेक्षा किंचित मोठे असल्यामुळे इंजिन सरळ जात नाही, डावीकडे वळत जाते. दारापासून निघाले, चुलीपर्यंत गेले आणि वळून अक्काच्या पलंगाच्या पायाला टेकून थांबले. अक्का म्हणाली, तेव्हाही ते असेच वळायचे, आणि दादा ज्या बाजूला ते येणार त्या बाजूला आधीच जाऊन बसायचे.