'नुसती सही' करणाऱ्या जामीनदाराकडून पूर्ण कर्ज का वसूल होतं?

जामीनदाराच्या घरी बँकेची किंवा पतसंस्थेची नोटीस आली की पहिला सवाल ठरलेला असतो. पैसे त्याने घेतले, धंदा त्याने बुडवला, मग वसुली माझ्याकडून का? दुसरा सवालही ठरलेला. आम्ही दोघं जामीनदार आहोत, मग मी फक्त माझा हिस्सा भरला तर भागेल ना? दोन्ही सवालांची उत्तरं १८७२ च्या भारतीय करार कायद्यात लिहून ठेवलेली आहेत, आणि ती जामीनदाराच्या फायद्याची नाहीत.

या कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, वसुलीचा खर्च, सगळं त्यात येतं. 'आधी कर्जदाराची मालमत्ता विका, कमी पडलं तर माझ्याकडे या,' असं जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात खालच्या कोर्टाने नेमकी तशीच अट घातली होती आणि पाटणा हायकोर्टाने ती कायम ठेवली होती. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती काढून टाकली. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं. कर्जदाराकडे हेलपाटे घालायला लागू नयेत म्हणूनच तर बँक जामीन घेते. मग वसुलीच्या वेळी जामीनदाराला मागे ठेवलं तर त्या हमीचा उपयोग काय?

आता हिश्श्याचा प्रश्न. दिवाणी कायद्यात देणं एकट्याचं असतं तसं अनेकांचं मिळूनही असतं. फॉर्मवर बारीक अक्षरात 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' असे शब्द छापलेले असतात. सगळा खेळ त्या शब्दांचा आहे. समजा, एकाने कर्ज काढलं, दोघं जामीन राहिले आणि बाकी ४ लाख २० हजार राहिली. आपण घरी बसून तिघांत भागाकार करतो, प्रत्येकी १ लाख ४०. बँक मात्र तिघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण ४ लाख २० हजार मागू शकते. आणि ती अर्थातच ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्यालाच गाठते. म्हणून बिरादरीतला शिक्षक, एसटीतला नाहीतर महापालिकेतला नोकरदार भाऊ जामीनदार म्हणून सगळ्यांना हवा असतो.

भागाकार होतो, पण नंतर, जामीनदारांच्या आपसात. एकाने पूर्ण रक्कम भरली तर कलम १४६ प्रमाणे तो दुसऱ्या जामीनदाराकडून निम्मी, म्हणजे २ लाख १० हजार मागू शकतो. कलम १४५ प्रमाणे कर्जदाराकडून तर पूर्ण रक्कम वसूल करू शकतो. पण त्यासाठी दावा त्याने स्वतः लावायचा, वकील स्वतः करायचा. मेहुण्यावर किंवा चुलतभावावर दावा लावायला किती लोक तयार होतात, हे सांगायला नको.

पतसंस्थेच्या बाबतीत गोष्टी आणखी झटपट होतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातून वसुली दाखला मिळतो आणि महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. दिवाणी कोर्टासारखी लांबलचक साक्षीपुराव्याची फेरी तिथे नसते. सुनावणीची नोटीस आली की आपल्याकडे अनेकजण 'बघू नंतर' म्हणून ती कपाटात टाकतात. तेच महागात पडतं. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध रिव्हिजन करायची तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. जे काही म्हणायचं आहे, हप्ते भरल्याच्या पावत्या दाखवायच्या आहेत, ते पहिल्याच सुनावणीला हजर राहून लेखी द्यावं. आणि सभासद म्हणून पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलं असेल तर कलम ४९ प्रमाणे मालकाला पगारातून रक्कम कापून संस्थेला द्यावी लागते.

जामीनदार कधीच सुटत नाही, असंही नाही. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो (कलम १३३). त्याच्या संमतीशिवाय बँकेने कर्जदाराशी तडजोड केली, करार करून मुदत वाढवून दिली, तरी तो सुटू शकतो (कलम १३५). तारण ठेवलेली मशीन किंवा सोनं बँकेने हातचं घालवलं, तर त्या किमतीपुरता तो सुटतो (कलम १४१). मात्र बँकांचे वकील हे सगळं जाणून असतात. छापील हमीपत्रात 'वरील हक्क मी सोडून देत आहे' अशा अर्थाचं कलम बहुधा घातलेलंच असतं. त्यामुळे हमीपत्राची प्रत सहीच्या दिवशीच मागून घ्यावी. कॅश क्रेडिटसारख्या चालू कर्जाची हमी असेल तर कलम १३० प्रमाणे लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती ती बंद करता येते. अर्थात, हमीपत्रात उलट काही लिहिलं आहे का, ते आधी पाहावं.

मालेगाव, भिवंडीत लूमचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड करून भाऊभाऊ संचालक झालेत, त्यांनी एक निकाल लक्षात ठेवायला हवा. मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीचं कर्ज दिवाळखोरी कायद्याखाली निकाली निघालं म्हणून वैयक्तिक हमी देणारा आपोआप सुटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा हमीदारांवरच्या कारवाईच्या तरतुदीही कोर्टाने वैध ठरवल्या. म्हणजे कंपनी गेली तरी राहतं घर धोक्यात राहू शकतं.

मुदतीचा मुद्दा वेगळा. साध्या पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षं, गहाण मालमत्तेवरच्या दाव्याला १२ वर्षं. सहकारी संस्थांचे नियम निराळे आहेत, तिथे हे गणित परस्पर लावू नये. मुदत संपली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो, देणं मात्र पुसलं जात नाही. म्हणूनच मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी वचन सही करून दिलं तर कलम २५ प्रमाणे ते पुन्हा वसूलपात्र होतं. वसुलीवाला 'फक्त पोच द्या' म्हणून कागद पुढे करतो, तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

दीनच्या दृष्टीनेही देणं वेळ गेल्याने माफ होत नाही. कर्ज लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, आणि वारसांत वाटणी करण्याआधी कर्ज फेडायचं हे सूरह निसामध्ये. फिकहमध्ये जामीन राहण्याला कफालत म्हणतात. हनफी असोत की आपल्या कोकणातले शाफई, दोन्हीकडे देणेकरी आणि कफील यांपैकी कुणाकडेही मागणी करायची मुभा सावकाराला आहे. म्हणजे या एका बाबतीत कोर्ट आणि मौलाना दोघं एकच सांगतात. जामीनदाराचा इंतकाल झाला तर तोवरचं देणं त्याच्या मालमत्तेतून जातं. प्रत्येक वारस आपल्या वाट्याच्या प्रमाणात आणि तेवढ्यापुरताच बांधील असतो. वडिलांनी कुठे सही केली होती हे मुलांना नोटीस आल्यावर कळतं, असं होऊ नये.

सही करायचीच असेल तर हमी ठरावीक रकमेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती मागता येते. कायदा त्याला आडवा येत नाही. बँक नाही म्हणेल, पण विचारायला हरकत काय? दर वर्षी खात्याचा उतारा मागा, थकबाकी पहिल्या दोन-तीन हप्त्यांत कळली तर सावरता येते.

आणि घरातल्या बायकांच्या सह्या. शौहरच्या धंद्याच्या कर्जावर बीवीला जामीनदार करायची पद्धत वाढली आहे, कारण फ्लॅट तिच्या नावावर असतो. कर्जाच्या आधीच, रीतसर कागद करून मेहरमध्ये दिलेलं घर तिचं स्वतःचं असतं, शौहरच्या सावकाराचा त्यावर हक्क नसतो. हमीपत्रावर तिची एक सही झाली की तेच घर जप्तीच्या यादीत येऊ शकतं. तो कागद तिला आधी वाचून दाखवा, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका.