ओळंबा, पाणसळ आणि गाडीचा डोळा

साप्ताहिक सदर : गाडी आणि रस्ता

पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, आरशाच्या मुळाशी बसवलेला छोटा कॅमेरा हा चालक-सहाय्य प्रणालीचा, म्हणजे ‘अडास’चा मुख्य डोळा. लेनचे पट्टे, पुढची वाहने, रस्ता ओलांडणारी माणसे आणि अनेक गाड्यांत वेगमर्यादेच्या पाट्याही तो ओळखतो. त्याने दिलेल्या माहितीवरून गाडी चालकाला सावध करते, स्टिअरिंग हलकेच वळवते, वेळ पडल्यास स्वतः ब्रेक लावते. भारतात २०२० च्या एमजी ग्लॉस्टरमध्ये ही सोय होती. २०२१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मुळे ती मध्यमवर्गाच्या नजरेत भरली आणि २०२३ पासून टाटा हॅरियर, सफारी, ह्युंदाई व्हेन्यू अशा गाड्यांतून ती तालुक्याच्या गावी पोचली. इंदापूर–अकलूज रस्त्यावरच्या बावड्यात आता उसाच्या ट्रॉलीमागे अशी गाडी दिसणे नवलाचे राहिलेले नाही.

खडी वाहणाऱ्या टिपरमागून एक खडा उडतो आणि काच तडकते. पूर्वी नवी काच बसली की काम संपत असे. कॅमेऱ्याच्या गाडीत तिथून दुसरे काम सुरू होते. नव्या काचेमागे बसलेला कॅमेरा नेमका कुठे पाहतो आहे, हे गाडीच्या संगणकाला पुन्हा शिकवावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. यंत्रावरचे काम त्यात थोडे असते. खरे काम असते ते गाडी आणि जागा तयार करण्याचे, आणि तिथेच सर्वांत जास्त हयगय होते.

तयारीचे मोल साध्या भूमितीतून कळते. कॅमेऱ्याची दिशा आडवी एका अंशाने चुकली, तर १०० मीटरवर ती चूक पावणेदोन मीटरची होते. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटर रुंद धरतात. म्हणजे अर्धी लेन चुकली. शेजारच्या लेनमधला ट्रॅक्टर गाडीला आपल्याच वाटेत दिसू शकतो, किंवा वाटेतला ट्रॅक्टर बाजूला वाटू शकतो. उभी चूक अंतराच्या अंदाजात शिरते. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच आहे असे धरू. सपाट रस्त्यावर ४० मीटर पुढचे वाहन जिथे जमिनीला टेकते, ती जागा त्याला क्षितिजाच्या सुमारे १.९ अंश खाली दिसते. या हिशेबात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर तेच वाहन जवळजवळ ५५ मीटरवर असल्याचे भासू शकते. ब्रेक लावण्याच्या निर्णयात हे पंधरा मीटर फार मोठे आहेत.

अर्धा अंश चुकायला फार काही लागत नाही. पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर खाली बसला, तरी नाक अर्ध्या अंशाने वर उचलले जाते. डिकीत खताची पोती राहून गेली आणि तशाच गाडीचे कॅलिब्रेशन झाले, तर ती तिरपी बैठकच कॅमेरा सरळ मानतो. पोती उतरल्यावर गाडी सरळ होते. कॅमेऱ्याच्या डोक्यातला हिशेब मात्र तिरपाच राहतो. काही प्रणाली चालता चालता स्वतःला थोडेफार सुधारून घेतात, पण ती सुधारणा ठरावीक मर्यादेतच होते. तिच्या भरवशावर तयारी टाळता येत नाही.

कॅलिब्रेशन केव्हा लागते, हे आधी पक्के असावे. काच बदलली, कॅमेरा किंवा त्याचा ब्रॅकेट काढला-बसवला, अपघातानंतर सांगाड्याचे काम झाले, सस्पेन्शनचे भाग बदलले, गाडीची उंची कमी-जास्त केली किंवा वेगळ्या मापाचे टायर घातले, तर ते करावे लागते. अनेक कंपन्या व्हील अलाइनमेंटनंतरही ते सांगतात. बंपर उतरवला असेल आणि त्यामागे रडार असेल, तर त्याची तपासणी वेगळी. नेमका नियम त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच मानावा.

तयारीची पहिली पायरी म्हणजे काच. कॅमेऱ्याच्या गाडीला त्याच प्रकाराची, योग्य ब्रॅकेट असलेली काच लागते. एकाच मॉडेलच्या साध्या आणि कॅमेऱ्याच्या गाडीची काच बाहेरून सारखी दिसते, पण ब्रॅकेट, पाऊस ओळखणाऱ्या सेन्सरची जागा आणि कॅमेऱ्यापुढची खिडकी यांत फरक असतो. ब्रॅकेट किंचित तिरका चिकटला किंवा त्या खिडकीत काच लहरदार निघाली, तर पुढचे सगळे काम वाया जाते. चिकटवणाऱ्या गमाला वाळायला लागणारा वेळ त्याच्या डब्यावर किंवा कंपनीच्या सूचनेत दिलेला असतो. तो पूर्ण होईपर्यंत गाडी हलवू नये, दारे आपटू नयेत. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो. कॅमेऱ्यापुढच्या भागावर तर कसलीही फिल्म नको.

दुसरी पायरी स्वच्छतेची, आणि बावड्याच्या परिसरात तिला वेगळे महत्त्व आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गाडी धुतली की काचेवर पांढरे डाग उरतात. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि रस्त्यावरची बारीक माती यांचा पातळ थर काचेवर बसतो. हे सगळे बाहेरून आणि आतून, रेघ न राहता पुसले गेले पाहिजे. कॅमेऱ्याच्या भिंगाला मात्र बोट किंवा फडके लावू नये. फास्टॅगचा स्टिकर कॅमेऱ्याच्या नजरेआड न येईल अशा जागी असावा. दसऱ्याला गाडीची पूजा करताना काचेवर काढलेले स्वस्तिक, आरशाला अडकवलेली माळ आणि बोनेटवरून सोडलेला झेंडूचा हार यांमागची श्रद्धा मोलाचीच आहे. कॅमेऱ्यासमोरची आणि रडारसमोरची जागा तेवढी मोकळी ठेवावी. डॅशबोर्डवरची चकचकीत मूर्ती, पांढरे कापड, मोबाइलचा स्टँड यांचे प्रतिबिंब काचेत पडते. कॅलिब्रेशनपूर्वी ते सगळे काढून ठेवावे.

तिसरी पायरी गाडीच्या बैठकीची. टायर चारही ठिकाणी कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पाटीत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. दोन बाजूंच्या चाकांत दीड मीटर अंतर असेल आणि एक बाजू एका सेंटिमीटरने खाली बसली, तर गाडी ०.४ अंशाने एका अंगाला कलते. डिकी आणि मागची सीट रिकामी करावी, टपावरच्या कॅरिअरवरचा बोजा उतरवावा. स्टेपनी, जॅक आणि कंपनीची हत्यारे मात्र जागेवरच ठेवावीत, कारण गाडीचे मूळ वजन त्यांच्यासकट धरलेले असते. इंधन किती असावे, हे प्रत्येक कंपनी वेगळे सांगते. काही मॅन्युअल टाकी भरायला सांगतात, आणि तसे असेल तर बावड्याहून निघतानाच टाकी भरणे हा तयारीचा भाग ठरतो. काम चालू असताना गाडीत कोणी बसू नये, दारावर रेलू नये, बोनेटवर हत्यारे ठेवू नयेत.

यानंतर अलाइनमेंट. कॅमेऱ्याला गाडीच्या तोंडाची दिशा पुरत नाही. मागची चाके गाडीला ज्या रेषेत ढकलतात ती रेषा त्याला लागते. मागच्या चाकांची दिशा बिघडली की गाडी किंचित तिरकी चालते आणि स्टिअरिंग सरळ दिसत असूनही कॅमेऱ्याचा मध्य चुकतो. म्हणून अलाइनमेंट आधी, कॅलिब्रेशन नंतर. हा क्रम उलटा झाला तर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते.

चौथी पायरी विजेची. स्कॅनर जोडून सर्व कंट्रोल युनिटमधले दोष आधी वाचावेत, कारण शोधून ते काढावेत आणि मगच पुढे जावे. इग्निशन चालू ठेवून काम करताना बॅटरी उतरते. व्होल्टेज मधेच घसरले तर प्रक्रिया तुटते. म्हणून बॅटरीला स्थिर पुरवठा जोडलेला असावा. हेडलाइट आणि वायपर बंद, दारे लावलेली आणि चाके सरळ, हे नेहमीचे नियम. गाडी उन्हात तापलेली असेल तर आधी सावलीत निववून घ्यावी, कारण काचेमागचा कॅमेरा फार तापला की तो तात्पुरता काम थांबवू शकतो.

पाचवी पायरी जागेची. खुणांचा फलक, म्हणजे टार्गेट बोर्ड, समोर उभा करून होणाऱ्या स्थिर कॅलिब्रेशनला सपाट फरशी, सारखा उजेड आणि पुढे भरपूर मोकळी जागा लागते. गॅरेजची फरशी बहुधा पाणी वाहून जावे म्हणून उताराची असते. शंभराला एक असा उतार म्हणजे अर्ध्या अंशापेक्षा जास्त. गाडीखालचा उतार एक आणि फलकाखालचा दुसरा असेल, तर ती सगळी चूक कॅमेऱ्यात उतरते. समोर चकचकीत टाइल, आरसा, फलकासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी किंवा दारातून येणारी उन्हाची तिरीप नको.

फलकाची जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायची नसते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा मध्य शोधून तिथून ओळंबे सोडतात, जमिनीवर खुणा करून दोरीने मध्यरेषा आखतात. मग मॅन्युअलने सांगितलेल्या बिंदूपासून, उदाहरणार्थ पुढच्या चाकाच्या मध्यापासून, मिलिमीटरपर्यंत मोजून फलक उभा करतात. त्याची उंची, सरळपणा आणि मध्यरेषेशी असलेला काटकोन तपासतात. आता या कामासाठी लेसरची साधने आली आहेत, पण तत्त्व गवंड्याचेच आहे. भिंतीचा पहिला थर ओळंब्यात, पाणसळीत आणि गुण्यात नसेल, तर वरचा गिलावा कितीही गुळगुळीत केला तरी भिंत वाकडीच राहते.

काही गाड्यांचे कॅलिब्रेशन रस्त्यावर चालवून होते, तर काहींना दोन्ही प्रकार लागतात. चालत्या कॅलिब्रेशनला ठळक पट्टे, कोरडा रस्ता, मोकळी वाहतूक आणि मॅन्युअलने सांगितलेला स्थिर वेग लागतो. पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, ज्याची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली, आणि इंदापूरजवळून जाणारा पुणे–सोलापूर महामार्ग, या दोन रस्त्यांचे पट्टेदार भाग त्यासाठी सोयीचे आहेत. वाड्या-वस्त्यांचे बिनपट्ट्यांचे रस्ते या कामाचे नाहीत. वेळही निवडावी लागते. बारामतीहून इंदापूरकडे सकाळी जाताना सूर्य समोर येतो. थंडीत नीरेकाठी पहाटे धुके असते. हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांची माती पट्टे झाकून टाकते. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून वडापुरी, सुरवड, वकीलवस्ती, बावडा करत सराटीला मुक्कामी जाते. त्या दिवसांत या वाटेवर चाचणीची गाडी नेऊच नये. चालवणाऱ्याने फक्त रस्ता पाहावा, स्कॅनरचा पडदा दुसऱ्या माणसाने वाचावा.

काम संपल्यावर पुन्हा स्कॅन करावे. आधीचा आणि नंतरचा अहवाल, काचेचा भाग क्रमांक, टायरची हवा, इंधनाची पातळी, तारीख आणि मीटरचा आकडा जॉब कार्डावर लिहून मालकाला द्यावा. विम्यातून काच बदलायची असेल, तर कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून दाखवून घ्यावा; मागाहून तो मागताना वाद होतात. प्रणाली चालते का, हे पाहण्यासाठी माणसासमोर किंवा वाहनामागे गाडी नेऊन ब्रेकची परीक्षा घेऊ नये.

एवढे सगळे केले तरी कॅमेऱ्याच्या मर्यादा राहतातच. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी मागचे दिवे झाकले, रिफ्लेक्टर नसला, बैलगाडी अंधारात बिनदिव्याची चालली, तर उत्तम कॅमेराही उशिरा ओळखतो किंवा ओळखतच नाही. त्यामुळे हंगामात ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावण्याची निकड कॅमेऱ्याच्या गाड्या आल्याने कमी झालेली नाही, आणि चालकाची जबाबदारीही हलकी झालेली नाही.

या कामातला सर्वांत मोठा धोका यंत्राच्या एका गुणातून येतो. गाडी सरळ उभी आहे, हवा बरोबर आहे, डिकी रिकामी आहे, हे सगळे ते गृहीत धरते. गृहीत चुकले तरी अनेकदा पडद्यावर ‘यशस्वी’ हाच शब्द उमटतो. चुकीच्या पायावर मिळालेले ते प्रमाणपत्र बंद कॅमेऱ्यापेक्षा घातक असते, कारण बंद कॅमेऱ्याचा दिवा पेटतो आणि चालक सावध राहतो. म्हणून तयारीची यादी प्रत्येक जॉब कार्डावर छापलेली असावी, आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या शिक्षणात ओळंबा आणि पाणसळ पुन्हा हातात द्यावी, आणि काच बदलायला निघालेल्या मालकाने गॅरेजमध्ये पहिला प्रश्न दराचा विचारू नये. गाडी कुठे उभी करणार, हवा कोण तपासणार आणि अहवाल देणार का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तरे मिळाली, तरच चावी द्यावी.