ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकावे

मुलाने आपली अडचण सांगावयास तोंड उघडले न उघडले तोच त्यास उपदेश करावयाचा, ही आपणा वडील मंडळींची जुनी खोड आहे. उपदेश वाईट असतो असे नव्हे. परंतु तो बहुधा अवेळी येतो. मूल अर्धेच बोललेले असते आणि आपले उत्तर मात्र पूर्ण झालेले असते. हल्ली कित्येक शाळा-महाविद्यालयांत समुपदेशक असतात. घरी लागू न पडलेला उपदेश त्यांनी अधिक अधिकारवाणीने करावा, एवढीच पुष्कळ पालकांची त्यांजपासून अपेक्षा असते. ही अपेक्षा चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. व त्याच्या समर्थनार्थ आम्ही कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे उदाहरण वाचकांपुढे ठेवितो.

रॉजर्स (१९०२–१९८७) ह्यांनी प्रथम बारा वर्षे रॉचेस्टर शहरी दुःखी व वाट चुकलेल्या मुलांत काम केले. १९४० साली ते ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४५ साली शिकागो विद्यापीठात जाऊन त्यांनी तेथे समुपदेशन केंद्र उभारले. मनाची व्यथा घेऊन येणाऱ्यास ते रोगी म्हणत नसत, 'क्लायंट' म्हणत. कारण रोग्याचे निदान वैद्य करितो, येथे मात्र आपली वाट ज्याची त्यानेच शोधावयाची असते. १९५७ सालच्या एका निबंधात त्यांनी समुपदेशकाच्या अंगी तीन गुण आवश्यक मानले: स्वतः निष्कपट असणे, समोरच्याचा कोणतीही अट न घालता आदर करणे, आणि आपले भान न सोडता त्याचे जग त्याच्या दृष्टीने पाहणे.

ह्यावर कोणी म्हणेल, 'हे तर निव्वळ लाड झाले!' आम्हांस तसे वाटत नाही. हा आदर माणसाचा आहे, त्याच्या प्रत्येक कृत्याचा नव्हे. नापास झालेल्या मुलास 'झाले ते ठीकच झाले' म्हणणे हा आदर नव्हे. 'नापास झालास तरी तुझे म्हणणे आम्हांस ऐकावयाचे आहे' असे म्हणणे हा आदर होय. ज्याच्या मनातून निंदेचे भय गेले, तोच आपले दोष उघड्या डोळ्यांनी पाहू शकतो.

परंतु ऐकणारा खरोखर ऐकतो की नाही, हे कोणी पारखावे? त्या काळी समुपदेशनाच्या खोलीत काय घडले, हे बहुधा समुपदेशकाच्या आठवणीवरूनच कळे. रॉजर्स ह्यांनी ती संभाषणे ध्वनिमुद्रित करविली, आणि १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात एका व्यक्तीच्या आठही बैठकींचा शब्दशः वृत्तांत, तिचे नाव बदलून, प्रसिद्ध केला. शिकाऊ समुपदेशक स्वतःच्या ध्वनिमुद्रिका ऐकू लागले, तेव्हा आपण समोरच्यास किती वेळा आपल्याच मताकडे ओढिले, हे ऐकून ते चकित झाले. आपण ऐकत होतो, असे त्यांस मनापासून वाटत होते! मनुष्याची आठवण त्याच्याच बाजूने साक्ष देते, हा ह्यातील धडा आहे.

म्हणून समुपदेशक कितीही अनुभवी असो, त्याच्या कामावर जाणत्या सहकाऱ्याचे पर्यवेक्षण असलेच पाहिजे. पर्यवेक्षक म्हणजे चुका टिपणारा पहारेकरी नव्हे; तो ऐकणाऱ्याचेही ऐकून घेणारा असतो. शेकडो मुलांचा भार एकट्या समुपदेशकावर टाकून स्वस्थ बसणारी शाळा आपले कर्तव्य अर्धेच करिते. तेव्हा पालकहो, 'माझा मुलगा आत काय बोलला?' हा प्रश्न सोडा आणि 'आपल्या कामात आपणांस मार्गदर्शन कोणाचे असते?' हा विचारा. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवास धोका असेल, तर समुपदेशकाने आपण होऊन बोललेच पाहिजे. एरवी मुलाचा विश्वास त्याचा त्याजपाशी राहू द्यावा. तो एकदा मोडला की मूल पुन्हा दार ठोठावीत नाही.

आणि विद्यार्थिमित्रहो, मन जड झाले असता बोलण्यात कमीपणा नाही. जवळ कोणी नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ध्यानी ठेवा. आणि मित्र आपले दुःख सांगू लागला, तर उत्तराची घाई करू नका. आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.